पाद्रीबंगला: घराला अर्धा तास, बागेला दोन

पाद्रीबंगला म्हणजे जुन्या मिशनऱ्याचं घर आणि त्याची बाग, आता संग्रहालय केलेलं. आधी कामाचं सांगून टाकतो. तिकीट माणशी ५० रुपये, दहा वर्षांखालच्या पोरांना माफ. फक्त रविवारी उघडं, सकाळी नऊ ते दुपारी एक. एका खेपेला पंधरा जण आत घेतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करावा लागतो. फोन तिसऱ्या वेळी उचलतात, पण उचलतात. गाडी लावायला चिंचेखाली भरपूर जागा आहे. वर बगळ्यांची वस्ती आहे हे मात्र कोणी सांगत नाही, ते परत आल्यावर काचेवर दिसतं.

परतवाड्याकडून चांदूर बाजारकडे जाताना डांबरी सोडून आत वळायचं. फाटकावर नवी पाटी लागली आहे, त्यावर एक लांबलचक नाव आहे, आणि ते नाव गावात कोणालाही माहीत नाही. पाद्रीबंगला कुठं म्हणून विचारलं की म्हशीमागं चाललेलं पोट्टंही बोट दाखवतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्या तक्रारी आहेत त्या तिथल्या लोकांना तोंडावर सांगून आलो आहे, आणि पंधराच्या जागी दीडशे माणसं धडकली तर त्या बागेचं काय होईल तेही मला कळतं. ज्याला खरंच जायचं आहे तो शोधून काढेल.

माझ्याबद्दल एवढंच, की माझी संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे, वडिलांपासूनची. झाड दिसलं की मी आधी बुडाकडे बघतो, फळाकडे मागाहून. त्यामुळं पुढं बागेचा विषय आला की माझी जीभ जरा सुटेल, सांभाळून घ्या. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी गेलो होतो. सोबत बायको आणि आई. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, शेजारच्याच गावची लेक. लहानपणी याच बंगल्यावर ती दूध घालायला यायची. तिला घेऊन जावं हा माझा विचार नव्हता, तिचाच हट्ट होता. गुडघे दुखतात म्हणून गेल्या दिवाळीत ती मामाकडंही गेली नव्हती.

बंगला एकमजली आहे, कमरेएवढ्या उंच जोत्यावर, चारही बाजूंनी व्हरांडा. भिंती दोन हात जाड, चुन्यातल्या. खोल्या मधोमध आणि चांगल्या उंच, आढ्याजवळ लहान झरोके, दोरीनं उघडझाप करायचे. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर सहज जातो. या घराची सगळी अक्कल त्याच्याशी भांडण्यात खर्च झाली आहे: ऊन भिंतीला टेकू द्यायचं नाही आणि आतली तापलेली हवा वरून काढून द्यायची. नोव्हेंबर असूनही आत पाय टाकल्याबरोबर गारवा लागला. दोन वर्षांपूर्वी मी स्लॅबचं घर बांधलं, त्याला दोन कूलर पुरत नाहीत, हा विषय बायकोनं तिथंच काढला. वाटाड्या पोरगा हसत होता.

कौलं मंगळुरी. दुरुस्तीच्या वेळी उतरवलेली पाच-सहा व्हरांड्यात मांडून ठेवली आहेत आणि हात लावायला मनाई नाही, म्हणून मी उलटी करून पाहिली. पाठीवर बासेल मिशनच्या कारखान्याचा शिक्का. या मिशननं १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत ते कारखाने त्यांच्या हातून गेले. म्हणजे निदान ही कौलं तरी त्याआधी भाजलेली. कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या मिशननं भाजलेलं कौल वऱ्हाडातल्या पाद्र्याच्या डोक्यावर, आणि शेवटची मजल बैलगाडीनं. घराच्या वयाबद्दल दारातल्या फलकावर जे मोठ्या अक्षरात लिहिलं आहे त्यापेक्षा मला हा शिक्का जास्त भरवशाचा वाटला.

बैठकीच्या खोलीत आरामखुर्च्या आहेत, लांब हातांच्या, पाय वर टाकून बसायच्या. बसू देत नाहीत. त्या भिंतीला डोक्याच्या वर एक भोक आहे, ते बघायला विसरू नका. छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी त्या भोकातून बाहेर जायची आणि व्हरांड्यात बसून एक माणूस ती दिवसभर ओढायचा. फलकावर नुसतं ‘पंखा’ लिहिलं आहे. भोकाच्या लाकडी चौकटीत दोरीनं पडलेली खाच बोटाच्या एका पेराएवढी खोल आहे. पोरगा चांगला होता, त्यानं स्टूल आणून दिलं आणि मला बोट घालून बघू दिलं.

अभ्यासिकेत टेबल, शाई वाळून गेलेली दौत, जाड पुठ्ठ्याचं बायबल. तिथं मला अडकवून ठेवलं ते एका साध्या झेरॉक्सच्या बाडानं. जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्यानं कोरकू भाषेचं व्याकरण लिहिलं होतं, ते १९०३ साली कलकत्त्याला छापलं गेलं. त्याची ती प्रत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाली-मुंडारीच्या गोतातली. मराठी-हिंदी तिला परक्या, आणि डोंगरातल्या शेजारची गोंडीही परकीच. मेळघाटातून माझ्याकडं संत्र्याच्या तोडणीला आणि पिशव्यांत माती भरायला कोरकू बाया येतात, त्याला पंधरा वर्षं झाली. त्यांच्या भाषेतले शब्द मला किती येतात म्हणून तिथं उभ्या उभ्या मोजायला गेलो. ‘दा’ म्हणजे पाणी. दुसरा आठवेना. त्या बायांना मराठी येते, हिंदी येते, माझ्या शिव्याही कळतात.

त्याच खोलीत भिंतीवर एक फलक आहे: ‘कोरो’ म्हणजे माणूस, त्याला ‘कू’ लागला की अनेक, म्हणून कोरकू म्हणजे नुसतं ‘माणसं’. सगळ्या घरातला हा सर्वांत चांगला फलक, आणि तो दाराच्या मागं लावला आहे. दार उघडं असलं की दिसत नाही. मी दार लोटलं म्हणून दिसला.

जेवणाच्या खोलीत दुष्काळाचा फोटो आहे. १८९६-९७ आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडावर आले, दुसरा तर पहिल्याहून भयंकर. त्या काळात ठिकठिकाणच्या मिशनांनी अनाथ पोरं सांभाळायला घेतली. फोटोत चाळीसेक पोरं ओळीनं बसलेली, डोकी भादरलेली, सदरे एकसारखे. खाली पाद्र्याचं आणि त्याच्या मडमेचं नाव आद्याक्षरांसकट. पोरांना दोन शब्द: ‘दुष्काळातील अनाथ’. आई चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली. ओळखीचं कोणी आहे का, असं मी उगाच विचारलं. “माह्या जनमाच्या आंधीचं हाय रे हे,” ती म्हणाली. “पाहून राहिली फक्त.”

आणि मग दवाखान्याची खोली. व्हरांड्याच्या कोपऱ्यातली, लहानशी. पाद्र्याच्या घरात दवाखाना हे तेव्हाचं नेहमीचंच होतं. काचेच्या कपाटात बाटल्या, तराजू, इंजेक्शनच्या जाड सुया आणि एक काचेची नळी, खाली फुगा, वर बारीक दांडी, दांडीवर आकडे. तिच्यापाशी चिठ्ठी: ‘थर्मामीटर, जुने’.

“हे थर्मामीटर नोहे,” आई म्हणाली.

पोरगा पुढं निघाला होता, तो थांबला.

“हे दुधाचं हाय. मडम दुधात बुडवे थे. दुधात पानी असलं का नयी खाली जाये. माह्या बापाचं दूध दोनदा वापस गेलं हिच्यापायी.”

“आजी, पक्कं ना?”

“पक्कं म्हन्जे? मीच त उभी राहो इथीसा भांडं घेऊन!”

बरोबर आहे तिचं. लॅक्टोमीटर आहे तो. चांगलं दूध पाण्याहून जड, त्यात नळी वर तरंगते. पाणी घातलं की दूध हलकं होतं आणि नळी खोल बुडते. डेअरीवर दूध घालणारा कोणीही ओळखेल, पण संग्रहालय मांडणाऱ्यांत बहुतेक म्हैस पाळणारं कोणी नव्हतं. पोरानं खिशातून पेन काढून तळहातावर लिहून घेतलं. त्यानंतर घराची सफर आईनंच चालवली. मागच्या व्हरांड्यातला तिसरा खांब ही तिची उभं राहायची जागा. महिन्याच्या हिशेबाच्या दिवशी मडम तिला एखादं जुनं नाताळचं कार्ड द्यायची, परदेशातून आलेलं, मागं कोणाचंतरी अक्षर. पुढच्या बाजूला बर्फ आणि लाल छातीचं पाखरू. त्या अक्षरात काय लिहिलंय ते गावात कोणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून घरच्यांनी कार्डं देवघराच्या भिंतीला चिकटवली होती. आमच्या खेपेत पुण्याकडचं एक जोडपं होतं, ते पोराला सोडून तिच्याच मागं चालायला लागलं.

तिला खरं पाहायचा होता तो बावर्चीखाना. घरापासून वेगळा, मधे छपराची वाट. धूर आणि आगीची भीती घरापासून दूर राहावी म्हणून तो असा सुटा बांधत. त्याला कुलूप. आत मांडवाचं सामान आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवल्या आहेत म्हणे. खिडकीच्या फटीतून आईनं बघितलं आणि चूल उजव्या हाताला होती एवढं सांगितलं. पाद्र्याची दौत काचेत आणि स्वैपाक्याची चूल खुर्च्यांखाली. हे मी विश्वस्तांपैकी जे गृहस्थ फाटकापाशी तिकिटं फाडत होते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या टप्प्यात आहे. बघू.

आता बाग.

विहीर पूर्वेच्या अंगाला, घडीव दगडाची. मोट गेली, पण धाव अजून शाबूत आहे. बैलांना उतरायला केलेला तो लांब उतार आता गवतानं भरला आहे आणि शाळेची पोरं त्यावरून घसरगुंडी खेळतात. मोटेचं पाणी जिथं पडायचं त्या थारोळ्यातून दगडी पाट निघतो. फाडीचे दगड, चुन्यात सांधलेले, वीतभर रुंद. हा पाट आधी बावर्चीखान्याच्या टाक्याला जातो, तिथून न्हाणीघराच्या मागून वळतो, गुलाबाच्या ताटव्याला वळसा घालतो, भाजीच्या वाफ्यांत शिरतो आणि शेवटी फळझाडांत. म्हणजे स्वच्छ पाणी लागतं ते सगळं आधी, चिखल चालतो ते सगळं नंतर. कागदावर आखून हे जमत नाही. पावसाळ्यात छत्री घेऊन पाणी कुठं धावतं ते बघणाऱ्याचंच हे काम.

रविवारी दहाच्या सुमारास मोटर लावून थारोळ्यात पाणी सोडतात. तेवढ्यासाठी तरी सकाळी जा. मी निंबाचं एक पान टाकलं आणि त्याच्यासोबत चालत निघालो. पाटाचा उतार इतका बेताचा आहे की पान धावत नाही आणि थांबतही नाही. तीन ठिकाणी दगडाला खाचा आहेत, तिथं फळी घातली की पाणी त्या बाजूला फुटतं; मातीचं नाकं मोडायची गरज नाही. फळ्या जुन्या नाहीत, नव्या सागाच्या बसवल्या आहेत, पण खाचेचा मेळ बरोबर साधला आहे. ज्यानं दुरुस्ती केली तो गवंडी मला भेटला पाहिजे. दोन लहान पोरं माझ्यामागं लागली, मग त्यांची आई, मग आणखी कोणी. सात-आठ मिनिटांत पान शेवटच्या आळ्यात पोचलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. ५० रुपये तिथंच वसूल झाले.

जमीन आमच्याकडं काळी, भारी. संत्र्याच्या जातीला ती मानवत नाही, पाणी साचलं की मुळं गुदमरतात. इथं फळझाडांचा तुकडा हातभर उंच उचललेला आहे आणि कुदळीचा घाव बसलेल्या एका कडेला आत मुरूम दिसतो. म्हणजे बाहेरून मुरूम आणून, मातीत मिसळून, भर घालून मग झाडं लावली. किती गाड्या मुरूम लागला असेल याचा मी अंदाज बांधला आणि सोडून दिला. हे काम पाद्र्यानं केलं नसणार, त्याच्या माळ्यानं आणि गड्यांनी केलं. बागेच्या फलकावर ‘पाद्रीसाहेबांनी फुलवलेली बाग’ असं आहे. आईला माळी आठवतो. “मायी बुढा होता, एका डोयानं आंधया. फूल तोडलं का मडमीच्या आंधी थोच ओरडे.”

आता माझं भांडण. फळझाडांत एका संत्र्याला लोखंडी कठडा केला आहे आणि पाटी लावली आहे: ‘शंभर वर्षे जुने संत्र्याचे झाड. परिसरातील पहिला संत्रा येथे लागला’. लोक त्याच्यापाशी फोटो काढतात. मी कठड्यावरून वाकून बूड पाहिलं. जमिनीपासून चार बोटांवर कलमाचा सांधा स्पष्ट दिसतो, खाली एक साल, वर दुसरी. इतक्या खाली डोळा भरणं, म्हणजे कलमाचा कोंब बसवणं, हे नवशिक्याचं काम, वीतभर वर भरायचा असतो, नाहीतर ओल सांध्याला लागते. झाडाचा बुंधा, फांद्यांचा घेर, सगळं बघून मी त्याला वीस-बावीस वर्षांपेक्षा एक दिवस जास्त देणार नाही. आमच्याकडं कलमी संत्र्याची बाग पंचवीस-तीस वर्षं नीट चालली तर मालक नारळ फोडतो, शंभर कुठून आणणार? आणि पहिला संत्रा म्हणाल तर विदर्भात तो आणण्याचं श्रेय नागपूरकर रघुजी भोसल्यांना देतात. पाद्री इकडं यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. चांगल्या बागेला खोट्या पाटीची गरज कशाला पडते मला समजत नाही. पाचपैकी साडेचार तारे देणार होतो, त्यातला एक इथं कापला.

वर सगळ्या झाडांच्या बुडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे, रस्त्याकडेच्या सरकारी झाडांसारखे. दिसायला टापटीप. बुरशीला त्याचा काही उपयोग नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, हे बोर्डो मलम बुडाला हात-दीड हात लावा, निळसर दिसेल, पण झाड जगेल. हेही सांगून आलो.

कारण खरं जुनं झाड त्यांच्या नजरेतून सुटलं आहे, आणि ते आजारी आहे. फळझाडांच्या पार टोकाला, जिथं माझं पान पोचलं, तिथं एक चकोत्र्याचं झाड आहे. चकोत्रा म्हणजे पपनस. त्याला पाटी नाही, कठडा नाही. बुंधा माझ्या कवेत मावला नाही. सांधा शोधला, सगळीकडून फिरून शोधला, नाही. फांद्यांना बोटभर काटे. म्हणजे बियांपासून वाढलेलं झाड. आई त्याच्याकडं बघून लगेच म्हणाली, हे तवा पन होतं, याच्या सालीच्या टोप्या करून आम्ही डोक्शात घालो. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी ते फळांना आलेलं होतं. खाली पडलेलं एक फळ पोरानं फोडून दिलं. आत गुलाबी, साल जाड पण पाकळी रसाची, कडूपणा अगदी शेवटी, जिभेच्या मुळाशी. मी बाजारातले पपनस पुष्कळ खाल्ले आहेत, असं खाल्लेलं नाही.

इथं जरा धंद्यातलं सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा. संत्रा किंवा जंबेरीचं (ही एक लिंबाची जात) बी पेरलं की एका बीतून दोन-तीन रोपं निघतात आणि त्यातली बहुतेक हुबेहूब आईसारखी. म्हणून तर आम्ही जंबेरीची रोपं खुंट म्हणून, म्हणजे कलमाच्या खालचं बूड म्हणून, वापरतो, सगळी एका चालीची वाढतात. चकोत्र्याचं तसं नाही. त्याच्या बीत एकच गर्भ, आणि तो आई-बाप दोघांचा मिळून. प्रत्येक बी वेगळं निघतं. म्हणजे या झाडाची बी नेऊन पेरली तरी हे फळ मिळणार नाही, दुसरंच काहीतरी येईल. हे झाड गेलं की ही चव गेली.

आणि त्याच्या बुंध्याशी लोकांना उभं राहायला सोपं जावं म्हणून सिमेंटचे गट्टू बसवले आहेत, अगदी सालीला टेकवून. वर माळी नळीनं बुडावरच पाणी मारतो. उत्तरेच्या अंगाला साल फुटून डिंक ओघळला आहे. डिंक्या लागला आहे, अजून हाताबाहेर गेलेला नाही. गट्टू चार हात मागं घ्या, कुजलेली साल धारदार चाकूनं खरवडा, मलम लावा, आळं दुहेरी करा म्हणजे पाणी बाहेरच्या कड्यात राहील, बुंध्याला शिवणार नाही. हे मी तिथल्या माळ्याला सांगितलं तर तो म्हणाला, भाऊ, मले माहीत हाय, पन गट्टू बसवणाऱ्यायनं मले इचारलं नाई. माणूस जाणता आहे. त्याचं ऐकलं पाहिजे.

बाकी बाग पटकन सांगतो. कुंपणाला मेंदी, गुलाब गावठी, पहिल्या पावसात उगवणाऱ्या लिलीचे कंद रस्त्याच्या दोन्ही कडांना. आता फुलं नव्हती, जूनमध्ये या असं माळी म्हणाला. एका कोपऱ्यात गुलमोहर, पांढरा चाफा आणि बूच, तिघांच्या मधे फलक: ‘आपले देशी वृक्ष जपा’. गुलमोहर मादागास्करचा, चाफा अमेरिकेचा, बूच ब्रह्मदेशाकडचं. असो, जपायला हरकत नाही. बुचाचा मात्र बहर होता. रात्री पडलेल्या लांब दांड्यांच्या पांढऱ्या फुलांचा खाली सडा, आणि वास असा की पुण्याचं जोडपं तिथंच बसलं, उठेना.

अकराच्या सुमारास मागच्या व्हरांड्यात ख्रिस्ती वस्तीतल्या एक आजी पेटीवर भजन म्हणतात. आम्ही गेलो त्या दिवशी ना. वा. टिळकांचं होतं. आईला ते हरिपाठातलं वाटलं आणि तिनं टाळी धरली. नंतर येशूचं नाव आलं तेव्हा क्षणभर थांबली आणि पुन्हा धरली.

खाणं बचत गटाच्या बायांकडं. तर्री-पोहे ३० रुपये, तर्री झणझणीत, पोहे भिजवलेले बरोबर, कोरडे नाहीत. चहा गोड मिट्ट. संत्र्याचा मुरंबा बाटलीत विकतात, ‘मडमेच्या पाककृतीनुसार’ असं लेबल, १२० रुपये. बायकोनं घेतला, घरी येऊन चाखला आणि निकाल दिला: चव चांगली, पण घट्ट झाला नाही, पोळीवरून ओघळतो. विलायतेत असा मुरंबा कडू संत्र्याचा करतात, त्यात घट्टपणा आणणारा अंश भरपूर असतो. आपल्या नागपुरी संत्र्यात तो कमी. लिंबाच्या बिया फडक्यात बांधून सोबत उकळल्या तर जमेल, असं तिचं म्हणणं. पुढच्या वेळी जाऊन त्या बायांना सांगणार आहे. मी म्हटलं, आपलं घरच तिकडं हलवू, सगळ्यांना सगळं सांगत बसू.

तक्रारींमध्ये आणखी दोन. जोत्याला सहा पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही. आईला आम्ही दोघांनी मिळून चढवलं. बाजूला उतार करायला फार खर्च येत नाही. आणि स्वच्छतागृह एकच आहे, विहिरीपलीकडं, कडी आतून लागत नाही.

निघताना मी चकोत्र्याची डोळकाडी, म्हणजे कलमासाठी डोळे असलेली काडी, मागितली. दोन पुरतील, बोटाएवढ्या. सध्या कलमांचाच हंगाम आहे, माझ्याकडं जंबेरीची रोपं पेन्सिलएवढी जाड होऊन उभी आहेत. तिकिटवाले गृहस्थ म्हणाले, झाडाचं पानही बाहेर न्यायचं नाही असा ठराव आहे, अर्ज करा, बैठकीत ठेवतो. तिथंच त्यांच्याकडून कागद मागून घेतला आणि तिकिटाच्या टेबलावर अर्ज लिहिला: दोन काड्या, त्यातून जी कलमं होतील त्यातली निम्मी बागेला परत. खाली सही केली. आईनं तो वाचून घ्यायला लावला आणि म्हणाली, गट्टूचंही लिही त्याच्यात. लिहिलं. बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते.